चांगला हिरडा कोणता? हिरडस मावळ, घाटवाटा आणि काष्ठौषधींच्या दुकानाचा इतिहास

१/ पुण्याच्या रविवार पेठेत किंवा कोणत्याही जुन्या गावाच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानी जाऊन "चांगला हिरडा द्या" एवढेच म्हटले, तर मुरलेला दुकानदार लगेच तागडी उचलत नाही. तो उलट विचारतो, "बाळहिरडा की सुरवारी? औषधाला हवा की रंगाला?" या साध्या प्रश्नामागे दोन हजार वर्षांचा बाजार, कायदा आणि जंगल यांचा इतिहास उभा आहे. आजचा धागा त्याविषयी. मुक्काम मुख्यतः भोर आणि वेल्हे या तालुक्यांत.

२/ प्रथम वस्तू समजून घेऊ. बाजारात हिरड्याचे तीन प्रकार मिळतात, पण झाड एकच. फळात आठळी धरण्याआधीच जे गळते किंवा काढले जाते, तो बाळहिरडा. वाळल्यावर तो काळा, सुरकुतलेला आणि मनुकेएवढा दिसतो. अर्धवट वाढलेला, पिवळसर तो चांभारी हिरडा. कातडे कमावण्याच्या कामावरून त्याला हे नाव पडले. पूर्ण वाढलेला, मोठा आणि जड तो सुरवारी हिरडा. झाड तेच, फांदी तीच. फरक फक्त फळ उतरवण्याच्या महिन्याचा.

३/ म्हणजे 'चांगला हिरडा' ही गोष्ट झाडावर ठरत नाही, ती गिऱ्हाइकावर ठरते. वैद्याला एक हवा, चर्मकाराला दुसरा, रंगाऱ्याला तिसरा. आणि इतिहासात डोकावले की आणखी एक गोष्ट दिसते. मालाला दर्जा देणारा आणि नाव देणारा बहुतेक वेळा विकत घेणारा होता. ज्याने झाड राखले, त्याचे नाव मालावर क्वचितच आले. या धाग्यात आपण हे नाव कसे हरवत गेले ते पाहणार आहोत.

४/ सुरुवात एका प्रदेशाच्या नावापासून. शिवकालीन बारा मावळांपैकी नीरा नदीच्या खोऱ्यातला तो हिरडस मावळ. बांदल देशमुखांचा आणि १६६० साली घोडखिंडीत धारातीर्थी पडलेल्या बाजीप्रभू देशपांड्यांचा हा मुलूख. आज तो भोर तालुक्यात येतो. वरंधा घाटाच्या रस्त्यावर हिरडोशी नावाचे गाव आजही आहे. हिरड्याच्या दाट झाडीवरून या मावळाला हे नाव पडले, असे इथे परंपरेने सांगितले जाते. जंगलातल्या एका फळाची अशी आठवण प्रदेशाच्या नावात राहणे ही मोठी गोष्ट आहे.

५/ शेजारी वेळवंडी नदीचे वेळवंड खोरे, पलीकडे गुंजवणीचे गुंजण मावळ, कानंदीचे कानद खोरे. यांतली शेवटची दोन वेल्हे तालुक्यात येतात. त्या तालुक्याला आता राजगड हे नाव देण्यात आले आहे. सह्याद्रीच्या ऐन धारेला लागून असल्याने इथे पाऊस तुफान पडतो. उतारांवर, देवरायांत आणि शेताच्या बांधांवर हिरडा, बेहडा, आवळा ही त्रिफळ्याची तिन्ही झाडे सापडतात. शिवाय शिकेकाई, वावडिंग, मुरुडशेंग, मध आणि झाडांच्या सालींवरचे दगडफूल.

६/ हे जंगल जगापासून तुटलेले मात्र नव्हते. भोरहून वरंधा घाट, केळदहून मढे घाट, शिवाय शेवत्या घाट आणि बोराट्याची नाळ यांसारख्या वाटा थेट महाडच्या मुलखात उतरतात. महाड सावित्रीच्या काठी, आणि सावित्री बाणकोटपाशी समुद्राला मिळते. कोकणातले मीठ आणि समुद्रमार्गे आलेला माल घाट चढे. देशावरचा माल घाट उतरे. राजगडाहून रायगडाकडे राजधानी गेली तीही याच डोंगररांगेच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला.

७/ आपल्या गोड्या मसाल्याचा डबा या वाटांच्या नजरेने पाहा. मिरी मलबारची, दालचिनी सिंहलद्वीपाची, लवंग आणि जायपत्री पार मोलुक्का बेटांकडची. धने आणि तीळ देशावरच्या शेतातले. दगडफूल मात्र झाडाच्या सालीवरून खरवडून आणलेले. समुद्राचा माल आणि डोंगराचा माल एकाच कढईत भाजला जातो, हे मराठी स्वयंपाकघराचे वैशिष्ट्य या घाटवाटांशिवाय समजत नाही.

८/ हा दोन्हीकडचा माल एकाच छपराखाली ठेवणारा दुकानदार कोण? दोन आडनावे आठवा: गांधी आणि अत्तार. 'गंध' शब्दावरून गांधी, म्हणजे सुगंधी द्रव्ये, मसाले आणि औषधी विकणारा. अरबीत 'अत्तार' म्हणजेही अत्तरे आणि औषधी विकणारा. निशापूरचा प्रसिद्ध फारसी सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार याच व्यवसायावरून ओळखला गेला. आपल्याकडच्या आठवडी बाजारांत अत्तारांची पाले दिसत. सुगंध, मसाला आणि औषध ही तीन वेगळी दुकाने आहेत, ही कल्पना तशी अलीकडची.

९/ या दुकानातली वजनेही रानातूनच आली. गुंज म्हणजे गुंजेच्या वेलाची लाल-काळी बी. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे तोळाभर केशर घेणारा मनुष्य हिशेबाने ९६ बियांच्या भाराइतके केशर घेत होता. त्यावर शेर, मण, खंडी. रानातून येणारा माल मात्र बहुधा टोपल्यांनी आणि ओझ्यांनी येई. घेताना ओझे, विकताना तोळा: मापातला हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१०/ जिथे किंमत तोळ्यावर आहे तिथे भेसळ असणारच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात यावर स्पष्ट तरतूद आहे. धान्य, तेल-तूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांत सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तू मिसळणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. लक्षात घ्या, गुन्हा 'सारख्या दिसणाऱ्या' वस्तूचा आहे. म्हणजे डोळा फसतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्याला नेमके ठाऊक होते.

११/ डोळ्याला फसवण्याची ही परंपरा अखंड आहे. केशरात करडईच्या पाकळ्या, मिऱ्यांत पपईच्या वाळलेल्या बिया. नागकेशराच्या नावाखाली पश्चिम किनाऱ्यावर सुरंगीच्या कळ्या विकल्या जात आल्या आहेत. यातले सगळेच व्यवहार लबाडीचे नसतात. कधी एकच नाव दोन प्रांतांत दोन वनस्पतींना असते. म्हणूनच जाणते गिऱ्हाईक नावावर विसंबत नसे. फोडून, चाखून, हुंगून आणि पाण्यात टाकून पाहत असे.

१२/ पाण्यात टाकण्याची गोष्ट शब्दशः खरी आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' ग्रंथात उत्तम हिरड्याची लक्षणे दिली आहेत: तो नवा असावा, तुकतुकीत असावा, भरीव, गोल आणि वजनदार असावा, आणि पाण्यात टाकला असता बुडावा. आधुनिक भाषेत सांगायचे तर ही घनतेची चाचणी झाली. किडीने पोखरलेले किंवा पोकळ फळ तरंगते. प्रयोगशाळा नसताना एका वाटीभर पाण्यात दर्जा तपासण्याची ही युक्ती होती.

१३/ याच ग्रंथात हिरड्याच्या सात जाती आहेत: विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवन्ती, चेतकी. त्यांची स्थानेही दिली आहेत: विंध्य, हिमालय, सिंधू, चंपा, सुराष्ट्र. 'प्रतिष्ठानक' असेही एक नाव येते. आपल्याला साहजिकच पैठण आठवते. पण प्रतिष्ठान नावाचे दुसरे नगर प्रयागाजवळही होते. सह्याद्रीचा मात्र नावाने उल्लेख नाही. ज्या डोंगरात एका मावळाला हिरड्याचे नाव मिळाले, तो डोंगर दर्जाच्या या यादीत दिसत नाही.

१४/ आता स्वराज्याच्या कागदांकडे वळू. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांच्या बंदोबस्ताचे तपशीलवार प्रकरण आहे. गडावर कोण माणसे असावीत हे सांगताना त्यात रसायनवैद्य, झाडपाल्याचे वैद्य, शस्त्रवैद्य आणि जखमा बांधणारे यांचा समावेश केला आहे. झाडपाल्याचा वैद्य वेगळा मोजला आहे, हे महत्त्वाचे. वेढा पडल्यावर पेठेतला गांधी गडावर येऊ शकत नाही. अशा वेळी भोवतालचे रान ओळखणारा माणूस हाच दुर्गाचा औषधसाठा.

१५/ आता मोठी उडी घेऊ आणि हे फळ जगात कोणत्या नावाने गेले ते पाहू. संस्कृत 'हरीतकी' फारसी-अरबीत जाऊन 'हलीला' आणि 'हलीलज' झाली. पश्चिमेकडे जाणारा पुष्कळ माल काबूलच्या बाजारातून जाई, म्हणून मोठ्या हिरड्याला 'काबुली' म्हणू लागले. त्याचेच लॅटिन रूप 'केबुला'. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ रेट्झियस याने झाडाला शास्त्रीय नाव दिले तेव्हा हाच शब्द घेतला: टर्मिनालिया केबुला. काबूलच्या कोरड्या, थंड डोंगरांत हे झाड वाढत नाही. तिथे फक्त बाजार होता.

१६/ असे एकटे हिरड्याचेच झाले नाही. 'दालचिनी' हा शब्द फारसी 'दारचीन'वरून आला, अर्थ चीनचे लाकूड. 'कबाबचिनी' मूळची जावा बेटाकडची, नावात मात्र चीन. मसाल्याच्या दुकानातली नावे ही बरेचदा भूगोलाची खूण नसतात. माल शेवटी कोणाच्या हातून आला याची ती पावती असते. जुन्या कागदात 'काबुली', 'चिनी', 'सुरती' असे विशेषण दिसले की उगम समजू नका, आधी वाट शोधा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही सवय फार उपयोगी पडते.

१७/ पूर्वेकडचा प्रवासही थक्क करणारा आहे. जपानमधील नारा येथील शोसोइन या राजकोठारात इसवी सन ७५६ मध्ये ठेवलेल्या औषधांची यादी आजही उपलब्ध आहे. त्या साठ औषधांत हिरडा आहे. तिबेटी चित्रांत भैषज्यगुरू बुद्धाच्या हाती हिरड्याचे फळ किंवा फांदी दाखवतात. बौद्ध भिक्षूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या झोळीतून हे वाळलेले फळ समुद्र ओलांडून गेले. वाळवल्यावर ते वर्षानुवर्षे टिकते, हा त्याचा गुण या प्रवासाला कारणीभूत होता.

१८/ युरोपच्या औषधविक्रेत्यांकडे 'मायरोबॅलन' नावाखाली पाच फळे असत: सिट्रिना, केबुला, इंडिका, बेलेरिका, एम्ब्लिका. शेवटची दोन म्हणजे आपले बेहडा आणि आवळा. पहिली तिन्ही म्हणजे कमी-अधिक वाढीचा हिरडाच! काळा, छोटा 'इंडिका' हा तर आपला बाळहिरडा. मावळातल्या कुणालाही ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे झाड एक आणि महिने तीन, युरोपला शतकानुशतके कोड्यासारखी वाटत राहिली. कारण त्यांच्यापर्यंत फळ पोचले होते, झाड पोचले नव्हते.

१९/ हे कोडे सोडवण्याचा पहिला मोठा छापील प्रयत्न आपल्या शेजारी झाला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६३ मध्ये गोव्यातच त्याचा भारतीय औषधींवरचा संवादग्रंथ छापला गेला. त्यातला एक संवाद मायरोबॅलनांवर आहे. ऑर्ताचे वेगळेपण असे की तो ग्रीक-अरबी ग्रंथांपुढे मान न तुकवता इथल्या वैद्यांना, व्यापाऱ्यांना आणि बाजाराला प्रश्न विचारत होता. १५६७ मध्ये क्लूसियसने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि हे ज्ञान युरोपभर पसरले.

२०/ तीन शतकांनी मुंबईत विल्यम डायमॉक हा लष्करी वैद्यकीय भांडाराचा अधिकारी तेच करत होता. पश्चिम भारतातील वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ आणि पुढे वॉर्डन व हूपर यांच्यासह लिहिलेला 'फार्माकोग्राफिया इंडिका' (१८९० ते १८९३) हे मुंबईच्या बाजाराचे जणू नकाशे आहेत. कोणती वस्तू कोणत्या नावाने येते, कोठून येते, कशी ओळखावी. त्याच सुमारास शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' मराठी घरांत पोचत होता. दुकानाचे ज्ञान आता पुस्तकात उतरू लागले होते.

२१/ पण एकोणिसाव्या शतकात हिरड्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक वैद्य नव्हतेच. ते होते चामड्याचे कारखाने. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. त्याने कातडे कमावता येते, कापडावर रंग पक्का बसवण्यासाठी आधी त्याचा हात देता येतो आणि हिराकसाबरोबर त्याची काळी शाई होते. औद्योगिक इंग्लंडला कमावलेले चामडे अफाट लागत होते. त्यामुळे सह्याद्रीच्या फळांची पोती बंदरातून परदेशी जाऊ लागली.

२२/ या निर्यातीत दर्जाची नवी भाषा जन्मली. व्यापारी हिरड्याचे वर्ग करत: भिमली, जबलपूर, राजपूर, वेंगुर्ला, मद्रास, आणि त्यांत पुन्हा पहिली प्रत, दुसरी प्रत. भिमली म्हणजे आंध्र किनाऱ्यावरचे भीमुनिपट्टणम, वेंगुर्ला म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातले बंदर. म्हणजे पुन्हा तेच! काबूलच्या जागी वेंगुर्ला आले, एवढाच फरक. फळ फिक्या रंगाचे, टणक आणि न किडलेले असावे हा निकष होता. ते कोणत्या खोऱ्यातले, कुणी वाळवलेले, हा प्रश्न उरला नाही.

२३/ आता कायदा. फळाला बाहेर भाव आला की सरकारची नजर झाडावर जाते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील 'वनोपज' या संज्ञेची व्याख्या पाहा. त्यात काही वस्तू जंगलात सापडोत वा जंगलाबाहेर, वनोपजच मानल्या आहेत. लाकूड, कोळसा, कात, लाख, मोहाची फुले यांच्या त्या छोट्या यादीत मायरोबॅलन, म्हणजे हिरड्याचे फळ, नावानिशी आहे. शेताच्या बांधावरच्या, आजोबांनी राखलेल्या झाडाचे फळही या व्याख्येत येऊ शकत होते. ग्रंथांनी ज्या फळाची लक्षणे सांगितली, ते आता परवान्याचा विषय झाले.

२४/ भोर त्या काळी पंतसचिवांचे संस्थान होते. ८ मार्च १९४८ रोजी ते विलीन झाले. पुढच्या काळातला या झाडांचा सर्वांत मोठा शत्रू मात्र कायदा नव्हता. तो होता कोळसा. क्रोम क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि हळूहळू सर्वत्र पसरली. वनस्पतिजन्य टॅनिनाची गरज घटली. फळाची गरज घटली की झाडाची किंमत लाकडाच्या भावाने होऊ लागते.

२५/ ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पानशेत परिसराबद्दल लिहिले आहे की धरण आणि रस्ता आल्यानंतर लोकांनी वर्षानुवर्षे राखलेली आंब्याची आणि हिरड्याची झाडे कोळशासाठी कवडीमोलाने गेली. हा परिसर वेल्हे तालुक्यातलाच. उखडला गेलेला माणूस झाड बरोबर नेऊ शकत नाही. जे हाती येईल त्या किमतीला तो ते विकतो. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात याच पट्ट्यातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जुन्या जंगलाचे अवशेष देवाच्या नावाने राखलेल्या त्या तुकड्यांत उरले होते.

२६/ इथे पुन्हा 'आज्ञापत्र' आठवते. आरमारासाठी लाकूड मिळवताना आंबा-फणसासारखी झाडे रयतेकडून जबरदस्तीने तोडू नयेत, मालक राजी असेल तर त्याला योग्य मोबदला देऊन घ्यावीत, असे त्यात बजावले आहे. कारण असे झाड उभे राहायला माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडतो. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या राजनीतीला फळझाड ही घराची ठेव वाटत होती. विसाव्या शतकातल्या भट्टीला ते मणाच्या भावाचे इंधन वाटले.

२७/ चित्र सगळेच काळे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. २०१३-१४ पासून केंद्र सरकारने काही गौण वनोपजांना किमान आधारभूत किंमत देण्याची योजना आणली. पहिल्या यादीत हिरडा होता. भोर-वेल्ह्यापासून उत्तरेकडच्या खेड, आंबेगाव, जुन्नरपर्यंत डोंगरपट्ट्यातल्या महादेव कोळी आणि इतर कुटुंबांच्या उन्हाळ्यातल्या रोख उत्पन्नात बाळहिरड्याचा वाटा मोठा आहे.

२८/ ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हे उत्पन्न किती नाजूक आहे ते दाखवले. जुन्नर-आंबेगाव भागात हिरड्याची असंख्य झाडे कोसळली. बागेतल्या आंब्याची भरपाई कोणत्या रकान्यात लिहायची हे तलाठ्याला माहीत असते. रानातल्या हिरड्याची कुठे लिहायची? या भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना प्रदीर्घ आंदोलन करावे लागले. जो माल हजार वर्षांपूर्वी जपानच्या राजकोठारात नोंदला गेला, त्याच्या झाडाला इथल्या नोंदवहीत रकाना शोधावा लागत होता.

२९/ आणखी एक पेच आहे. आज बाळहिरड्याला मोठ्या हिरड्यापेक्षा कितीतरी अधिक भाव मिळतो. साहजिकच फळ लहान असतानाच काढले जाते. पण सगळीच फळे बाळपणी उतरवली, तर आठळी धरणार कधी आणि नवे रोप येणार कुठून? जाणते लोक म्हणूनच काही फांद्या सोडून देतात. फांदी न तोडता फळ काढणे, झाडावर काही राखणे, सावलीत न कुजवता उन्हात नीट वाळवणे: खरा दर्जा इथे, झाडाखाली तयार होतो. दुकानात तो फक्त ओळखता येतो.

३०/ या कष्टाला नाव देण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. पुण्यातील अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकर परिसरात स्थानिक संग्राहकांसह हिरडा-बेहड्यासाठी 'फेअरवाइल्ड' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवण्याचे काम केले. त्यात झाडाचे आरोग्य आणि गोळा करणाऱ्याचा मोबदला दोन्ही तपासले जातात. जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो, म्हणून झाड उभे राहणे त्याच्याही हिताचे. दर्जाच्या व्याख्येत खोरे आणि माणूस परत येत आहेत.

३१/ आता तुमच्या उपयोगाचे. काष्ठौषधींच्या किंवा मसाल्याच्या दुकानात गेलात तर शक्यतो अख्खा माल घ्या. पूड झाली की डोळा, नाक आणि पाणी या तिन्ही परीक्षा संपल्या. हिरडा जड, भरीव, छिद्र नसलेला हवा. बाळहिरडा फोडून पाहा, आत आठळी नको. दगडफूल हातात चुरगळून हुंगा. मातीचा भपकारा आला तर राहू द्या. मिरी पाण्यात टाका. वर तरंगणारी पोकळ किंवा परकी समजा. केशराची काडी ओल्या कागदावर ठेवा; खरी काडी सावकाश रंग सोडते. औषध म्हणून काही घ्यायचे असेल तर मात्र आधी वैद्यांना विचारा.

३२/ आणि एक प्रश्न दुकानदारालाही विचारा: "हा माल कुठल्या रानातला, कोणत्या महिन्यातला?" चांगल्या दुकानदाराला उत्तर देताना आनंद होईल, ज्याला माहीत नाही तो पुढच्या वेळी आपल्या पुरवठादाराला विचारील. काबूल, वेंगुर्ला, मुंबई अशी बाजारांची नावे या फळाला शतकानुशतके चिकटत राहिली. नीरेच्या खोऱ्याने स्वतःच्या नावात हिरडा जपला आहे. हिरड्याच्या पुडीवर त्या खोऱ्याचे नाव यायचे असेल, तर ते मागणारे गिऱ्हाईक आधी यावे लागेल.

(समाप्त. तुमच्या गावी हिरड्याचे जुने झाड असेल, तर त्याचे स्थानिक नाव आणि फळ उतरवण्याचा महिना खाली जरूर लिहा. अशा नोंदी कुठल्याही दप्तरात सापडत नाहीत.)